'एक्स'च्या रकान्यातील माणसे

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याची तक्रार कोणी ऐकत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. आजचा विषय अशाच एका रकान्याचा आहे.

अमेरिकेत आल्फ्रेड किन्से यांनी हजारो मुलाखती घेऊन १९४८ साली पुरुषांच्या व १९५३ साली स्त्रियांच्या कामजीवनावर ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांनी एक पट्टी आखली होती. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी ओढ, सहा म्हणजे केवळ समलिंगी. परंतु काही माणसे पट्टीवर कोठेच बसेनात. त्यांना कोणाचीच ओढ नव्हती. त्यांच्यापुढे 'एक्स' हे अक्षर पडले. मोजणी झाली, विचारपूस राहिली.

१९८० साली मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने पट्टीचाच दोष दाखविला. एक ओढ वाढली की दुसरी घटते, असे पट्टी गृहीत धरते. त्याने दोन्ही ओढी निरनिराळ्या मांडल्या. तेव्हा दोन्ही अल्प असणाऱ्यांनाही हक्काची जागा मिळाली. हीच अलैंगिकता. पण त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचिग्रंथात कामेच्छेचा अभाव विकार म्हणून दाखल झाला!

पुढे २००१ साली डेव्हिड जे या तरुणाने अशा माणसांना एकत्र आणणारी संस्था काढली. २००४ साली कॅनडाचे अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील १८,०००हून अधिक लोकांची पाहणी तपासली. आपणांस कोणाविषयीही लैंगिक आकर्षण कधीच वाटले नाही, असे सांगणारे त्यांत शेकडा सुमारे एक निघाले. २०१३च्या सूचिग्रंथाने अखेर मान्य केले की, जो स्वतःस अलैंगिक समजतो त्याच्या जन्मभराच्या अनिच्छेस विकार म्हणू नये.

आपल्याकडे अशा माणसास लोक ब्रह्मचारी म्हणून नमस्कार तरी करतात, नाहीतर नपुंसक म्हणून हसतात. दोन्ही चूक. ब्रह्मचर्य हे व्रत आहे, इच्छा आवरण्याचे. येथे आवरण्यासारखे काही नसतेच. नपुंसकत्व ही शरीराची अडचण. तिचा येथे संबंध नाही. माया, मैत्री, कोणाची सोबत हवीशी वाटणे, हे सारे या माणसांतही असू शकते.

आमचा एक सहकारी पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिला. आम्ही त्याची थट्टा केली, स्थळे आणली, वैद्यही सुचविले. तो एवढेच म्हणे, "मला तसे काही वाटतच नाही." जन्मभर आम्ही इतरांच्या तक्रारी लिहून घेतल्या. याने आपली तोंडी सांगितली होती. ती मात्र आम्ही पटावर घेतली नाही.