गृहसंगणकांचे गतिवर्धन
गृहसंगणकांचे गतिवर्धन : घरगुती वापराच्या जुन्या संगणकातील सूक्ष्मप्रक्रियकाचा वेग मालकाने स्वतः मंडलात फेरफार करून वाढविण्याची पद्धती. १९७७ नंतर गृहसंगणकांचा प्रसार होऊ लागला, तेव्हा अमेरिका व यूरोप येथील हौशी तंत्रज्ञांत ती रूढ झाली. नवा संगणक घेणे परवडत नसे. उलट स्फटिक, तार व डाख यांना फारसा खर्च येत नसे.

सूक्ष्मप्रक्रियकाच्या क्रिया क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या आंदोलनांपासून मिळणाऱ्या कालस्पंदांनुसार चालतात. स्पंदांची कंप्रता वाढविली, की क्रिया जलद होतात. टँडी कॉर्पोरेशनच्या टीआरएस–८० (१९७७) या संगणकात १०·६४४५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा स्फटिक होता. ही कंप्रता सहाने भागून झेड–८० या प्रक्रियकास सु. १·७७ मेगॅहर्ट्‌झचे स्पंद पुरविले जात. हौशी तंत्रज्ञ मंडलातील जोडणी बदलून ती चाराने वा तिनाने भागून घेत. त्यामुळे वेग अनुक्रमे सु. २·६६ व ३·५५ मेगॅहर्ट्‌झ होई. मूळ झेड–८० ची नियत मर्यादा २·५ मेगॅहर्ट्‌झ असल्याने अधिक वेगासाठी ४ मेगॅहर्ट्‌झ क्षमतेचा झेड–८०ए वापरणे सुरक्षित असे.

या संगणकात कॅसेट फितीवर माहिती नोंदण्याचा व वाचण्याचा कालावधी आज्ञावलीतील फेऱ्यांवरून ठरे. प्रक्रियक जलद होताच फेऱ्या लवकर संपत व पूर्वी नोंदलेली फीत वाचता येत नसे. मालकाचे सर्व काम फितींवरच साठविलेले असल्यास ते निरुपयोगी होण्याचा धोका होता. म्हणून मूळ वेगावर परतण्यासाठी एक कळ बसवीत.

ॲमिगा ५०० (१९८७) या संगणकात निराळी मर्यादा आढळली. त्यातील ६८००० प्रक्रियकाचा वेग सु. ७ वरून १४ मेगॅहर्ट्‌झ केला, तरी स्मृतीचा वेग पूर्वीचाच राही. शिवाय तीच स्मृती चित्रदर्शनासाठीही वापरली जाई. त्यामुळे गुणाकार-भागाकारांसारख्या अंतर्गत क्रिया जलद होत. पण एकूण लाभ दुपटीपेक्षा बराच कमी असे.

उत्पादकांची भूमिकाही नेहमी अनुकूल नव्हती. कार्यालयीन वापराच्या आयबीएम पीसी एटी (१९८४) या ६ मेगॅहर्ट्‌झच्या संगणकात मालक अधिक कंप्रतेचा स्फटिक बसवू लागले, तेव्हा कंपनीने पुढील आवृत्तीच्या प्रारंभिक आज्ञावलीत वेगाची तपासणी घातली व वेग वाढविलेला संगणक सुरूच होईनासा झाला. याउलट अनेक अनुरूप संगणकांवर, जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून, वेग कमी-अधिक करणारी कळ कारखान्यातच बसविण्यात येऊ लागली. संगणकाचा वेग केवळ प्रक्रियकावर नव्हे, तर त्याच्या सर्व घटकांच्या कालमेळावर अवलंबून असतो, हे या घरगुती प्रयोगांतून सामान्य मालकांना प्रत्यक्ष उमगले.