प्रिपोझिशन, इंग्रजी (रायपूर व छत्तीसगढमधील मराठी भाषकांच्या संदर्भात)

इंग्रजी व्याकरणातील एक शब्दजात. नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधी येऊन वाक्यातील दुसऱ्या शब्दाशी असलेला त्याचा स्थळ, काळ, साधन, कारण, स्वामित्व इत्यादी संबंध हा शब्द दाखवतो. उदा., ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘बाय’, ‘विथ’, ‘फॉर’. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात व ती नामाला मागून जोडली जातात. रायपूरच्या मराठी घरांत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषांची संबंधदर्शक रूपे एकाच माणसाच्या तोंडी असतात. इंग्रजीतील चुकांचा माग तेथे या तिन्ही भाषांतून काढावा लागतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या परिसराला अधिक जागा दिली आहे.

उगम व क्रम : जुन्या इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या आणि प्रिपोझिशननुसार नामाचे रूप बदलत असे. पुढे शब्दान्तीचे प्रत्यय झिजले, तसा संबंध दाखवण्याचा भार शब्दक्रमावर आणि प्रिपोझिशनांवर आला. आजच्या इंग्रजीत विभक्तीची खूण मुख्यतः सर्वनामांत उरली आहे. प्रिपोझिशननंतर ‘ही’ चालत नाही, ‘हिम’ लागते. ‘आय’ चालत नाही, ‘मी’ लागते. घर–घरावर, तो–त्याच्यावर अशी सामान्यरूपे रोज वापरणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही गोष्ट लवकर पटायला हवी, परंतु शाळांत ती सामान्यरूपाशी जोडून क्वचितच सांगितली जाते. जोसेफ ग्रीनबर्ग याने 1963 साली 30 भाषांच्या तुलनेवरून असे दाखवले, की क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत संबंधदर्शक शब्द बहुधा नामानंतर येतात. मराठी, हिंदी व छत्तीसगढी या तिन्ही भाषा त्या गटातल्या आहेत. ‘टेबलावर’ आणि ‘ऑन द टेबल’ यांतील उलट क्रम हा दोन भाषांच्या सगळ्या वाक्यरचनेचा भाग आहे.

मराठी व्याकरणातील स्थान : दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली मुंबईत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून रूढ होत गेलेली आठ शब्दजातींची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची आहे आणि प्रिपोझिशनच्या जागी तिच्यात शब्दयोगी अव्यय बसते. ही जुळणी पूर्ण नाही. इंग्रजीत ‘टू’, ‘बाय’, ‘इन’ हे स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत त्यांतील पुष्कळ अर्थ ‘ला’, ‘ने’, ‘त’ या प्रत्ययांकडे जातात आणि प्रत्यय म्हणजे शब्दजात नव्हे. कृष्णशास्त्री चिपळूणकर, मोरो केशव दामले (‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, 1911) आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी विभक्तीच्या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. मराठीत विभक्ती किती मानाव्यात आणि प्रत्यय व शब्दयोगी यांची सीमा कोठे आखावी, यावर एकवाक्यता नाही. इंग्रजी शिकणाऱ्यासाठी मात्र या दोहोंना एकत्र धरून ‘संबंध दाखवणारी रूपे’ म्हणणे सोयीचे ठरते.

छत्तीसगढातील व्याकरणपरंपरा : छत्तीसगढमधील रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली अठराव्या शतकाच्या मध्यास आले. बिंबाजी भोसले यांनी 1758 ते 1787 या काळात तेथे राहून कारभार केला आणि त्या काळात मराठी व मोडी लिपी या प्रदेशाच्या दप्तरात रुजली. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला. रायपूरच्या तात्यापारा भागातली मराठी वस्ती या इतिहासाची साक्ष आहे.

या प्रदेशाचे व्याकरणातील सर्वांत मोठे काम हीरालाल काव्योपाध्याय (1856–1890) यांचे आहे. ते धमतरीच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेचे मुख्याध्यापक होते. 1885च्या सुमारास त्यांनी छत्तीसगढीचे व्याकरण हिंदीत लिहिले. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून ते 1890 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. हीरालाल यांचे निधनही त्याच वर्षी झाले. लोचनप्रसाद पांडेय यांनी वाढवलेली आवृत्ती रायबहादुर हीरालाल यांच्या देखरेखीखाली 1921 साली कलकत्त्याहून निघाली. हे दुसरे हीरालाल (1867–1934) म्हणजे रसेल यांच्याबरोबर मध्य प्रांतातील जातीजमातींवर ग्रंथ करणारे. नामसाम्यामुळे दोघांची गल्लत होते. हीरालाल काव्योपाध्याय यांच्या नावावर इंग्रजी वाचनमालेचे दोन भागही सांगितले जातात. इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेतील एका शिक्षकाने मुलांच्या घरच्या बोलीचे कारक लिहून काढावेत, याचे मोल भाषाध्यापनाच्या इतिहासात अद्याप पुरते ओळखले गेलेले नाही. छत्तीसगढीचे व्याकरण हिंदीच्या आधी झाले, असे अभिमानाने म्हटले जाते. कामताप्रसाद गुरू यांच्या ‘हिंदी व्याकरणा’पुरते (1920) ते खरे आहे; केलॉगसारख्यांची हिंदी व्याकरणे मात्र हीरालाल यांच्या आधीची आहेत.

गुरू यांच्या ग्रंथामागे मराठीचा हात दोन बाजूंनी आहे. हे काम त्यांच्याकडे सोपवले जावे म्हणून आग्रह धरणाऱ्यांत महावीरप्रसाद द्विवेदी यांच्याबरोबर माधवराव सप्रे होते आणि ग्रंथाच्या मांडणीसाठी गुरूंनी दामल्यांच्या मराठी व्याकरणाचा आधार घेतला. सप्रे (1871–1926) हे रायपूरच्या सरकारी शाळेत शिकलेले मराठी गृहस्थ. पेंड्र्याहून जानेवारी 1900मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर संपादनात आणि वामनराव लाखे प्रकाशनात त्यांच्यासोबत होते. दासबोध आणि गीतारहस्य सप्रे यांनी हिंदीत आणले. एका भाषेतले संबंध दुसरीत नेमके कसे बसवायचे, हा त्यांच्या आयुष्यभराच्या भाषांतराचा रोजचा प्रश्न होता. गुरू यांनी हिंदीतील या शब्दजातीला ‘संबंधसूचक’ म्हटले. अर्थाच्या दृष्टीने हे नाव ‘शब्दयोगी’पेक्षा सरस आहे.

हलबी : छत्तीसगढच्याच बस्तर भागातील या बोलीत षष्ठीचा प्रत्यय ‘चो’ आहे आणि तो मराठी ‘चा’शी जुळतो. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात ही बोली मराठीच्या खंडात आहे.

रूपांची जुळणी : छत्तीसगढीत ‘ला’ हा कर्माचा व संप्रदानाचा प्रत्यय आहे (‘राम ला’, ‘मोला’), ‘बर’ म्हणजे ‘साठी’, ‘ले’ म्हणजे ‘पासून’ किंवा ‘ने’ आणि ‘मा’ म्हणजे ‘त’ तसेच ‘वर’. मराठी ‘ला’शी असलेले साम्य लक्षणीय आहे, पण केवळ साम्यावरून उसनवारी ठरवता येत नाही. इंग्रजीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते ‘मा’. ‘घर मा’ म्हणजे घरात आणि ‘खटिया मा’ म्हणजे खाटेवर. छत्तीसगढीत वाढलेल्या मुलाला ‘इन’ आणि ‘ऑन’ यांतला भेद नव्याने शिकावा लागतो, मराठी मुलाला तो ‘त’ आणि ‘वर’ यांच्यामुळे आयता मिळतो.

मराठी मुलाची अडचण पुढे सुरू होते. त्याचा ‘वर’ इंग्रजीत फुटतो. पुस्तक टेबलावर असेल तर ‘ऑन’, पंखा डोक्यावर फिरत असेल तर ‘ओव्हर’, गाडी स्टेशनवर उभी असेल तर ‘ॲट’. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे, हे सांगताना उंचीला ‘ॲट’ आणि समुद्रसपाटीला ‘अबव्ह’ लागते. ‘ने’ असाच दुभंगतो. कर्मणी वाक्यातील कर्त्याला ‘बाय’, हातातल्या साधनाला ‘विथ’. पत्र रामने लिहिले तर ‘बाय राम’, लेखणीने लिहिले तर ‘विथ अ पेन’. प्रवासाचे वाहन मात्र पुन्हा ‘बाय’कडे जाते आणि तेथे उपपद गळते : ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’.

सर्वांत अधिक काळजी ‘पर्यंत’ या शब्दाच्या बाबतीत घ्यावी. ‘शुक्रवारपर्यंत फी भरा’ यात शुक्रवार ही मुदत आहे, तिच्या आत एकदा कृती घडायची आहे. इंग्रजीत ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ यात स्थिती शुक्रवार येईतो चालू आहे. तेथे ‘अन्टिल फ्रायडे’. ‘भिलाईपर्यंत चालत गेलो’ यात अंतर आहे. ‘ॲज फार ॲज भिलाई’. मराठीत क्रियापदावरून अर्थ आपोआप उलगडतो, म्हणून बोलणाऱ्याला हे तीन अर्थ वेगळे आहेत असे जाणवतच नाही. अर्जात आणि नोटिशीत ही चूक गैरसमजाला थेट कारण होते.

‘पासून’ आणि हिंदी ‘से’ यांच्यामुळे ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा घोटाळा होतो. ‘सहा वर्षांपासून रायपुरात राहतो’ याचे ‘सिन्स सिक्स इयर्स’ होते. ‘सिन्स’ला काळाचा आरंभबिंदू लागतो (सिन्स 2018), ‘फॉर’ला काळाची लांबी (फॉर सिक्स इयर्स). क्रियापदही साध्या वर्तमानकाळात राहत नाही, ते पूर्ण काळात न्यावे लागते.

स्थळ व काळ : घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला व तारखेला ‘ऑन’, महिना, वर्ष व शतक यांना ‘इन’. छत्तीसगढ राज्य ‘ऑन 1 नोव्हेंबर 2000’ अस्तित्वात आले; तारीख काढली की ‘इन 2000’ होते. सकाळी म्हणजे ‘इन द मॉर्निंग’, परंतु सोमवारी सकाळी म्हणजे ‘ऑन मंडे मॉर्निंग’, आणि रात्री म्हणजे ‘ॲट नाइट’. मराठीत या तिन्ही ठिकाणी जुन्या सप्तमीच्या ‘ई’ने भागते. ‘वेळेत’ आणि ‘वेळेवर’ यांत मराठी भेद करते आणि तो इंग्रजीशी तंतोतंत जुळतो : ‘इन टाइम’ आणि ‘ऑन टाइम’.

स्थळात जागा बिंदू मानली तर ‘ॲट’, पृष्ठ किंवा रेषा मानली तर ‘ऑन’, आवार किंवा क्षेत्र मानले तर ‘इन’. म्हणून भेट ‘ॲट जयस्तंभ चौक’, दुकान ‘ऑन जी. ई. रोड’, घर ‘इन तात्यापारा’. रायपूर खारून नदीकाठी आहे, त्यास ‘ऑन द खारून’ म्हणतात. धमतरी रायपूरच्या दक्षिणेस. ‘साउथ ऑव्ह रायपूर’. मराठी लेखनात दोन वेगळे इंग्रजी शब्द ‘ऑफ’ असेच लिहिले जातात. संबंधाचा शब्द उच्चारात ‘ऑव्ह’ आणि दूर सरण्याचा ‘ऑफ’. हा भेद येथे लेखनात पाळला आहे.

क्रियापदांशी बांधलेली प्रिपोझिशने : येथे नियम थोडे आणि पाठांतर फार. चुका दोन दिशांनी होतात. मराठी क्रियापदाला प्रत्यय लागतो आणि इंग्रजीला काही लागत नाही, तेव्हा जादा शब्द घुसतो. विषयावर चर्चा म्हणून ‘डिस्कस अबाउट’, वर्गात शिरला म्हणून ‘एंटर्ड इन द क्लास’, स्टेशनवर पोहोचलो म्हणून ‘रीच्ड ॲट द स्टेशन’, आईवर प्रेम म्हणून ‘लव्ह ऑन’. या चारही ठिकाणी प्रिपोझिशन नको. ‘अराइव्ह’ला मात्र हवे, स्टेशनला ‘ॲट’ आणि शहराला ‘इन’. उलट दिशेने, मराठी क्रियापद सरळ कर्म घेते आणि इंग्रजीला जोड लागते, तेव्हा शब्द गळतो. गाणे ऐकले, फोटो बघितला, त्याची वाट पाहिली, पाणी मागितले यांना अनुक्रमे ‘लिसन टू’, ‘लुक ॲट’, ‘वेट फॉर’, ‘आस्क फॉर’ लागते.

तिसरा गट चुकीच्या निवडीचा आहे. तिच्याशी लग्न झाले म्हणून ‘मॅरीड विथ’ म्हणतात, बरोबर ‘मॅरीड टू’. सापापासून भीती म्हणून ‘अफ्रेड फ्रॉम’, बरोबर ‘अफ्रेड ऑव्ह’. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हे लॅटिन तरभाववाचक शब्द असल्यामुळे त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागते. ‘प्रिफर’लाही तेच.

वाक्यान्तीचे प्रिपोझिशन : प्रिपोझिशन वाक्याच्या शेवटी ठेवण्याची बेन जॉन्सनच्या लेखनातील रचना इंग्रज कवी ड्रायडनने 1672 साली सदोष ठरवली आणि 1762च्या लाउथच्या व्याकरणाने औपचारिक लेखनात ती टाळणे चांगले मानले. फाउलरने 1926 साली हा निषेध म्हणजे समजुतीचा भाग असल्याचे दाखवले. आज ती निर्दोष समजतात. मराठीत ही रूपे नामालाच जोडलेली असतात, म्हणून असा पर्याय संभवत नाही.

व्याप्तीचा वाद : हडल्स्टन व पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणाने (2002) ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’ यांसारख्या शब्दांनाही प्रिपोझिशन मानले. शालेय व्याकरणांनी हे स्वीकारलेले नाही.

पाठ्यपुस्तके : मराठी माध्यमात तर्खडकर भाषांतर पाठमाला, इंग्रजी माध्यमात रेन व मार्टिन यांचे व्याकरण. यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. पाठमालेची रीत मराठी वाक्यापासून इंग्रजीकडे जाण्याची, म्हणून घरच्या भाषेचा प्रत्यय आधी नजरेसमोर येतो. प्रिपोझिशनसाठी ती अधिक उपयोगी.

अध्यापन : प्रिपोझिशनांच्या सुट्या याद्या पाठ करून घेण्याचा उपयोग मर्यादित आहे. एक मराठी प्रत्यय घ्यावा, त्याची पाच-सहा वाक्ये मुलांकडून घ्यावीत आणि प्रत्येकात संबंध कोणता ते आधी मराठीतच ठरवून घ्यावे. इंग्रजी शब्द त्यानंतर द्यावा. क्रियापदांशी बांधलेली रूपे क्रियापदासकटच पाठ करावीत. रायपूरच्या वर्गात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी मुले शेजारी बसतात. तेथे ‘वर’, ‘पर’ आणि ‘मा’ फळ्यावर एकाखाली एक लिहून मग ‘ऑन’ शिकवावा. त्यासाठी लागणारी छत्तीसगढी कारकांची सामग्री हीरालाल काव्योपाध्याय यांच्या व्याकरणात 1890पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. शिक्षकांनी ती वापरावी.