चिलीम, नळी आणि जोडकाम

सटाण्याच्या परिसरातील जुन्या घरांची अडगळ उपसताना आजही एखादी मातीची चिलीम हाती लागते. आमच्यापैकी एकाच्या वर्गात मध्यंतरी एका विद्यार्थ्याने अशीच एक आणली होती. काठाचा टवका गेलेला. खालचे निमुळते तोंड तुटलेले, पण दगडावर घासून पुन्हा सारखे केलेले. "सर, ही खराब आहे, चांगली मिळाली की दाखवतो," असे तो संकोचाने म्हणाला. आम्हांला मात्र तिचे खराब असणेच मोलाचे वाटले.

बागलाणच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे पुष्कळ. कुंभार माती चाळतो, तुडवतो, तरी एखादा कण राहून जातो. आव्यात भाजताना त्याचा चुना होतो आणि पुढे हवेतला ओलावा शोषून तो फुगतो. वरची माती टवका होऊन उडते. म्हणजे दोष मातीतला, पण उघड होतो तो विकत घेणाऱ्याच्या घरी. कच्ची भाजलेली चिलीम निदान टिचकीला बद्द वाजून आधी सांगते. चुनखडी तेवढेही सांगत नाही.

चिलमीला नळी नसते. ओठ आणि माती यांच्यामध्ये असते ती ओल्या फडक्याची छापी. मळली की बदलायची. गुडगुडीत हेच काम नळी करते. तीत कीट साचते, ती तडकते, आणि भांडे तेच ठेवून नवी बसवली जाते. ओठांशी येणारा भाग असा नेहमीच बदलता राहिला. ओठांचा हा प्रश्न साधा नव्हता. उत्तरेत वाळीत टाकण्याला 'हुक्का-पाणी बंद' असेच म्हणतात.

जोडकाम ही गरिबाचीच गोष्ट होती, असेही नाही. अकबराचा वकील असदबेग याने विजापुराहून तंबाखू नेऊन 1604च्या सुमारास बादशहापुढे ठेवली. सोबतच्या हुक्क्याचे वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवले आहे : तीन हात लांब नळी सुमात्रातील अचीनची, मुखनळी यमनी अकीकाची, अग्निपात्र सोन्याचे. मुखनळी त्याला योगायोगाने मिळाली आणि त्याने ती नळीला बसवली. हकिमाचा विरोध असतानाही अकबराने दोन-चार झुरके घेतले. पुढे 1617 मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. ती टिकली नाही.

युरोपातही हाच क्रम दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सेंट-क्लोद येथे ब्रायर झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचे पाइप होऊ लागले. त्या लाकडातली भोके लुकण भरून लपवीत. एबोनाइटची नळी उन्हाने हिरवट-पिवळी पडते. मग लाकूड जुने आणि नळी नवी, असा पाइप पुढच्या पिढीकडे जातो.

अकिकाची मुखनळी इतिहासात नोंदली गेली, कारण तिच्या धन्याला लिहिता येत होते. तुटलेले तोंड दगडावर घासणाऱ्याने काहीच लिहिले नाही. ती घासलेली कडा हाच त्याचा दस्तऐवज. तंबाखूने किती घरे पोखरली हे आम्ही विसरत नाही, आणि त्या व्यसनाचे गोडवेही गात नाही. परंतु संग्रहासाठी अखंड, निर्दोष वस्तूच निवडत गेलो, तर वापरणाऱ्या माणसाची खूणच आपण फेकून देऊ. त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले : दुसरी शोधू नकोस, हीच नीट जपून ठेव.