झाकण मागेपुढे करायचे दिवस

एका लॅपटॉपभोवती सहा-सात जण जमलेत. लग्नाचे फोटो बघायचे आहेत. समोर बसलेल्याला सगळं नीट दिसतं. मागे उभ्या असलेल्यांना नवरीचा शालू फिकट आणि चेहरे पांढुरके दिसतात, तर जमिनीवर बसलेल्या पोरांना तेच चेहरे काळवंडून निगेटिव्हसारखे उलटे. "अरे, झाकण जरा मागे घे," असं कुणीतरी म्हणतं. झाकण मागे जातं आणि आता समोरच्याला दिसेनासं होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा प्रसंग घरोघरी घडत होता. त्यात दोष बघणाऱ्यांचा नव्हता, लॅपटॉप बिघडलेलाही नव्हता. ज्या द्रव्यामुळे तो पडदा इतका पातळ आणि स्वस्त झाला होता, त्याच द्रव्याचा तो स्वभाव होता.

त्या द्रव्याची गोष्ट प्रागमध्ये सुरू होते, आणि तीही गाजरापासून. फ्रीडरिश रायनित्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. १८८८ साली त्यापासून केलेलं एक संयुग तापवताना त्याला दिसलं, की ते दोनदा वितळतं. सुमारे १४५ अंश सेल्सियसला घन पदार्थाचा गढूळ द्रव होतो आणि १७८ अंशांच्या पुढे तोच द्रव अचानक नितळ होतो. मधल्या अवस्थेत तो वाहतो पाण्यासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. रायनित्झरने नमुने ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले. पुढे या अवस्थेचं नाव रूढ झालं ते द्रवस्फटिक. जवळजवळ ऐंशी वर्षं ही प्रयोगशाळेतली नवलाई राहिली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी तिच्यापासून चालता पडदा करून दाखवला.

हातात नेण्याजोग्या संगणकांनी मात्र सुरुवातीला वेगळ्याच वाटा चोखाळल्या. १९८१ चा ऑसबॉर्न १ शिवणयंत्राच्या पेटीएवढा होता. वजन सुमारे ११ किलो, आणि त्यात ५ इंचांची काचेची पिक्चर ट्यूब. एका ओळीत ५२ अक्षरं मावत. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज या इंग्रज डिझायनरने पडदा बिजागरीवर बसवला आणि तो कीबोर्डवर मिटेल असा केला. लॅपटॉपचं झाकण म्हणजेच त्याचा पडदा, ही आज गृहीत धरलेली रचना तिथे आकाराला आली. त्याचा पडदा द्रवस्फटिकांचा नव्हता. विजेच्या दाबाखाली स्वतः उजळणाऱ्या पातळ थराचा, पिवळसर नारिंगी अक्षरांचा होता. दिसायला देखणा, किंमत ८,००० डॉलरच्या वर. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये तो गेला, सामान्य माणसाच्या टेबलावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. तोशिबाच्या १९८६ च्या टी३१०० मध्ये नारिंगी प्लाझ्मा पडदा होता. तो इतकी वीज खाई, की लॅपटॉप भिंतीतल्या प्लगला जोडूनच ठेवावा लागे.

बॅटरीवर चालायचं तर द्रवस्फटिकाला पर्याय नव्हता, कारण तो स्वतः प्रकाश देत नाही, फक्त प्रकाशाची वाट अडवतो किंवा सोडतो. १९७० मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी शोधलेली पिळाची रचना, म्हणजेच टीएन, इथे कामी आली. दोन काचांमध्ये काडीसारखे लांबट रेणू पायऱ्यापायऱ्यांनी ९० अंशांत वळत जातात. त्यांच्यासोबत प्रकाशाची कंपनदिशाही वळते, म्हणून तो पलीकडच्या ध्रुवक फिल्ममधून बाहेर पडतो. विजेचा दाब दिला की काड्या उभ्या राहतात, पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. घड्याळ आणि कॅलक्युलेटरसाठी हे उत्तम होतं.

लॅपटॉपचं तसं नव्हतं. शेकडो ओळी एकामागून एक चालवायच्या तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला विजेचा क्षणभरच येई आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक विरत जाई. १९८४ च्या डेटा जनरल वनने २५ ओळींचा पूर्ण पडदा दिला, पण त्यावरची अक्षरं वाचायला दिवा नेमका कुठे ठेवायचा हे शोधावं लागे. पीळ ९० वरून २७० अंशांपर्यंत वाढवण्याची युक्ती स्वित्झर्लंडच्याच ब्राउन बोव्हेरी कंपनीत निघाली. फरक ठळक झाला, पण अक्षरं निळसर किंवा पिवळट-हिरवी दिसू लागली. शिवाय पडदा इतका संथ, की माउस जोरात हलवला तर बाणच गडप होई. विंडोज ३.१ मध्ये बाणामागे शेपटी उमटवण्याची सोय दिली गेली, ती अशा पडद्यांसाठीच.

त्यावरचा उपाय महागडा होता: प्रत्येक ठिपक्यामागे स्वतःचा ट्रान्झिस्टर. पीटर ब्रॉडी यांनी पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउसमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो करून दाखवला होता. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या रंगीत पडद्याला लाल, हिरवा आणि निळा धरून ९,२१,६०० ट्रान्झिस्टर लागतात. एक जरी निकामी निघाला तरी तो ठिपका कायमचा बंद पडतो किंवा कायमचा पेटलेला राहतो. १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलने हा पडदा कृष्णधवल रूपात आणला, पण त्यामागे दिवाच नव्हता. ७ किलोंचं ते यंत्र खिडकीशी न्यावं लागे. १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी आला. काळ्या पेटीत १०.४ इंचांचा रंगीत पडदा. तो पाहिल्यावर टेबलावरच्या संगणकाचा हेवा करण्याचं कारण उरलं नाही. लॅपटॉपच्या इतिहासातला खरा वळणाचा क्षण हाच मानावा लागेल.

तरीही कोनाचं दुखणं तसंच होतं. काड्या समोरून पाहिल्या तर एक रूप, तिरकं पाहिलं तर दुसरं. त्यातून काचेला चिकटलेले रेणू पूर्ण दाबाखालीही धड उभे राहत नाहीत, थोडे कलतेच राहतात. हिताचीने नव्वदच्या दशकाच्या मध्यात आयपीएस पद्धत बाजारात आणली. तिच्यात काड्या उभ्या न राहता काचेला समांतर फिरतात, त्यामुळे बाजूलाही तोच शालू तसाच दिसतो. पण तिचे दोन्ही विद्युतअग्र एकाच काचेवर असल्याने प्रकाश अडायचा, मागचा दिवा मोठा लागायचा, बॅटरी लवकर संपायची. म्हणून बहुतेक लॅपटॉप कितीतरी वर्षं टीएनलाच धरून राहिले.

टीएनला सुसह्य करणाऱ्या उपायाचं मूळ मात्र भारतात आहे, आणि ते ठळकपणे सांगायला हवं. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. नागपूर विद्यापीठातून १९५१ मध्ये पहिल्या क्रमांकाने एम.एस्सी. होऊन ते मामांकडे बंगळुरूला संशोधनासाठी गेले. १९७१ मध्ये त्यांनी रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोवर द्रवस्फटिक होण्यासाठी रेणू काडीसारखा लागतो, अशीच समजूत होती. १९७७ मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक होतात हे सिद्ध केलं. नाण्यांची चळत रचावी तसे ते एकावर एक बसतात. हा शोधनिबंध त्यांनी 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात छापला.

चकती प्रकाशाशी काडीच्या नेमकी उलट वागते. काडीमुळे तिरक्या प्रकाशात जी चूक होते, ती चकती भरून काढू शकते. जपानच्या फुजी कंपनीने नव्वदच्या दशकात हेच केलं. चकतीच्या रेणूंचा अतिपातळ थर फिल्मवर पसरला आणि ती टीएन पडद्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवली. पडद्याची रचना न बदलता बघण्याचा कोन रुंदावला. ही फिल्म जगभरच्या संगणकांच्या पडद्यांत गेली. नागपुरात शिकलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाचं नाव मात्र मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच येतं, याची खंत वाटते.

स्वस्त लॅपटॉपमध्ये खर्च वाचवण्यासाठी पडद्यालाच कात्री लागत राहिली. १५.६ इंचांवर १३६६ गुणिले ७६८ ठिपके, प्रत्येक रंगाच्या ६४च छटा, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग. चांगल्या पडद्यावर ते दीड कोटीहून अधिक असतात. २०१२ मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोला २८८० गुणिले १८०० ठिपके दिले आणि अक्षरांचे दाते दिसेनासे झाले. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक विशेष जाणवतो. जोडाक्षरं, रफार, उकार लहान आकारातही सुटे दिसू लागले.

ओलेड पडद्याची गोष्ट यापेक्षा वेगळी. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकमध्ये केलेलं काम १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं, लॅपटॉपवर ते आलं २०१६ च्या सुमारास. इथे ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे काळं दाखवायचं तर तो विझतो. मागे दिवा नसल्याने काळ्यातून राखाडी झिरपत नाही. एका अर्थी ग्रिड कंपासची वाट पुन्हा सापडली. पण निळे ठिपके लवकर म्हातारे होतात, आणि तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या चित्राचा ठसा पडद्यावर उरू शकतो.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे सगळे पडदे झळाळतात. अंगणातली परीक्षा निराळी असते, आणि ती एका पडद्याने दिली होती. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाच्या एक्सओ यंत्रासाठी मेरी लू जेप्सेन यांनी ७.५ इंचांचा पडदा घडवला. घरात मागच्या दिव्यावर तो रंगीत दिसे. उन्हात दिवा बंद केला, की सूर्याचाच प्रकाश परतवून कागदासारखी काळी-पांढरी अक्षरं दाखवी, तीही १२०० गुणिले ९०० इतक्या बारकाईने. २००७ मध्ये भारतातला त्याचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला. जेप्सेन यांनी पुढे याच तंत्रासाठी 'पिक्सेल ची' नावाची कंपनी काढली, पण मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी तो पडदा आपलासा केला नाही. आज लाखभराचा चकचकीत ओलेड लॅपटॉप भर दुपारी ओसरीवर उघडला, तर त्यात आधी आपलाच चेहरा दिसतो, आणि हात नकळत झाकण मागेपुढे करू लागतो.