तळटीप १२ : पिवळे कार्ड

१२. नागभीडच्या या प्रसंगात ‘पिवळे कार्ड’ म्हणजे अंत्योदय शिधापत्रिका. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला, माणसे कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. महाराष्ट्रातील लाभार्थ्यांची कमाल संख्या (‘इष्टांक’), सुमारे ७ कोटी, २०११च्या जनगणनेवरून ठरली. त्यामुळे पुढे जन्मलेली मुले किंवा नंतर गरिबीत ढकलली गेलेली कुटुंबे पात्र असूनही इष्टांकात जागा होईपर्यंत ताटकळतात. नागभीडच्या धानपट्ट्यात याची झळ मोठी : कापणी-मळणी उरकली की मजुरी आटते, आणि मोहफुले-तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत भूमिहीन घराला रेशनचाच आधार असतो. भुकेल्या घराचा हक्क जुन्या शिरगणतीवर अडू नये.
— संपादक