घारापुरी बेटाचा इतिहास

घारापुरी बेट मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे साधारण दहा किलोमीटरवर आहे, पण ते मोडते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. दोन टेकड्या, त्यांच्यामधली चिंचोळी दरी आणि किनाऱ्याला खारफुटी एवढाच त्याचा पसारा. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे पाण्याला लागून वसली आहेत. मोटारी इथे नाहीत. गावकरी असो वा पाहुणा, जाणे-येणे बोटीने आणि बेटावर फिरणे पायी.

आज निवांत वाटणारे हे ठिकाण एके काळी गजबजलेले बंदर होते. किनाऱ्यावर सापडलेली रोमन मद्यकुंभांची खापरे दूरदेशीच्या व्यापाराची साक्ष देतात. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौकांनिशी 'पुरी' नगरी जिंकल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे अनेक अभ्यासक मानतात, तरी त्यावर एकमत नाही.

मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले असावे. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडल्याने त्याचे श्रेय बहुधा कलचुरींना दिले जाते. काही जण ते कोकणच्या मौर्यांना देतात. लेण्यातली सुमारे साडेपाच मीटर उंचीची मूर्ती त्रिमूर्ती म्हणून प्रसिद्ध असली, तरी ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची नाही. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे मुख उग्र, मिशा असलेले, हाती नाग धरलेले. उजवीकडचे कोवळे, हाती कमळ घेतलेले. आणि मधले डोळे मिटून स्वतःत बुडालेले. एकाच खडकातून हे तीन भाव काढणाऱ्या कारागिरांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही.

ते कळण्याची एक वाट कायमची बुजली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात हे बेटही गेले. लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगालला पाठवल्याची नोंद दियोगो दो कौतो या इतिहासकाराने केली आहे. त्याचा पुढे पत्ता लागला नाही. तो हाती असता, तर लेणे कोणी खोदवले हा वाद कदाचित उरलाच नसता. मूर्तींची मोठी मोडतोडही याच काळात झाल्याचे सांगितले जाते.

बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनीच दिले, ते किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून. हा हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट १८६४ मध्ये घातला गेला, तेव्हा उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईत आणून पुढे जोडले गेले. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही उभा आहे.

मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि बेट त्यांच्याकडे आले. इंग्रजांनी ते १७७४ च्या सुमारास बळकावले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा पक्का झाला. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी थेट लेण्यातच मेजवानी झडली. देवाच्या गाभाऱ्याशेजारी पंगत मांडण्यात राज्यकर्त्यांना काही वावगे वाटले नाही, हे त्या काळाबद्दल पुरेसे बोलते. १९०९ मध्ये लेणी संरक्षित स्मारक ठरली आणि १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

गावांच्या वाट्याला मात्र यातले थोडेच आले. पक्की वीज २०१८ मध्ये समुद्रतळावरून टाकलेल्या केबलने पोहोचली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवरच भागवावे लागे. किनारा उथळ आणि गाळाचा असल्याने धक्का लांबलचक बांधावा लागला, त्यावर पर्यटकांसाठी छोटी गाडी धावते. पुढे शंभरावर पायऱ्या, दुतर्फा दुकाने, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खांद्यावर वाहिलेल्या खुर्च्या. बेटाचा संसार बव्हंशी याच वाटेवर चालतो.

पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, पण बहुतेक प्रवासी मुख्य लेणे पाहूनच परतीची बोट धरतात. बेटाचा प्राचीन इतिहास तिकडेही आहे, तेव्हा सवड काढून ती टेकडीही चढावी. सोमवारी लेणी बंद असतात.