पांढरीतले मणी: दख्खनचा अकीक आणि त्याचे संग्राहक

महाराष्ट्रातील अनेक जुन्या गावांच्या कडेला भुरकट, राखट मातीची जी टेकाडे दिसतात त्यांना ‘पांढर’ म्हणतात. शेकडो वर्षांच्या वस्तीत ढासळलेल्या मातीच्या भिंती, चुलींची राख आणि टाकाऊ वस्तू एकावर एक साचून ती तयार झालेली असतात. तेर, पैठण, नेवासे, भोकरदन अशा ठिकाणी पावसाने पांढर धुपली की खापरांबरोबर रंगीत दगडांचे मणीही उघडे पडतात, आणि ते वेचण्याची हौस पुरातत्त्वविद्येच्या औपचारिक अभ्यासाहून जुनी आहे. या हौसेने दख्खनच्या मणिव्यवसायाच्या इतिहासाला मोठे साधन पुरवले. मात्र मणी मातीतून उचलला जाताना त्याच्या काळाचा सर्वांत भरवशाचा पुरावाही बहुधा तेथेच मागे राहिला. या व्यवसायाचा इतिहास या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊनच वाचावा लागतो.

या मण्यांचा कच्चा माल दख्खनच्या भूमीतच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून आलेल्या लाव्हाचे थर थंड होत असताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाण्यातून आलेली सिलिका त्यांत थरांनी साठत गेली. अशा सूक्ष्मस्फटिकी सिलिकेच्या पट्टेदार दगडास अकीक म्हणतात; काळ्या-पांढऱ्या समांतर पट्ट्यांचा प्रकार सुलेमानी म्हणून ओळखला जातो, तर लोहाच्या अंशामुळे तांबूस झालेल्या प्रकारास कार्नेलियन असे नाव आहे. मूळ काळा खडक झिजून गेला तरी हे कठीण गोटे टिकून राहतात आणि नद्यांच्या पात्रांत जमा होतात, त्यामुळे गोदावरी किंवा भीमेच्या खोऱ्यातील कारागिराला खाण न खोदताही दगड मिळू शकत असे.

मणी घालण्याची चाल मात्र या दगडांच्या वापराहून जुनी असावी. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले असून ते सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे, म्हणजे उत्तर पुराणाश्मयुगातील आहेत. ताम्रपाषाण काळात, ज्या काळी तांब्याबरोबर दगडाची हत्यारेही वापरात होती, नेवासे येथे पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तिच्या दोऱ्याच्या अवशेषांत कापसाबरोबर रेशमाचे तंतू ओळखले गेले. विदर्भात नागपूरजवळील माहुरझरी हे शिलावर्तुळांसाठी प्रसिद्ध असलेले स्थळ मणिनिर्मितीचेही केंद्र होते.

माहुरझरीसारख्या स्थळांवर आढळणारे नक्षीदार कार्नेलियन मणी तंत्राच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. त्यांवरील पांढऱ्या रेषा कोरलेल्या नसतात. सोड्यासारख्या क्षारात वनस्पतीचा चिकट रस मिसळून त्या द्रावणाने मण्यावर नक्षी काढतात आणि मणी तापवतात, तेव्हा क्षार दगडाच्या पृष्ठभागात शिरून रेषा कायमच्या पांढऱ्या होतात. सिंधू संस्कृतीच्या काळापासून ज्ञात असलेली ही रीत सिंधमधील सेहवान येथे विसाव्या शतकातही एका वृद्ध कारागिराला अवगत होती, आणि चान्हुदडोचे उत्खनक अर्नेस्ट मॅके यांनी त्याच्याकडून ती समजावून घेऊन नोंदवली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत दख्खनच्या दगडांचा स्पष्ट उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, अशी नगरे असून पैठणहून सुलेमानी दगड आणि तगरहून मुख्यतः कापड गाड्यांवर लादून भडोचला नेत, असे तिच्यात म्हटले आहे. सातवाहन काळात जुन्नर, नाशिक, पैठण आणि तेर यांना जोडणाऱ्या घाटवाटा रोमन व्यापाराशी कशा गुंफल्या होत्या, हे या नोंदीने स्पष्ट होते.

पुढे या व्यवसायाचे केंद्र गुजरातेत खंबायत येथे स्थिरावले. तेथे मुख्यतः राजपिपळ्याच्या डोंगरांतील रतनपूर परिसरातून दगड येत असत आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने तेथील कार्नेलियनच्या व्यापाराचे वर्णन केले. ओबडधोबड गोटे आधी उन्हात वाळवून नंतर मडक्यांत शेणाच्या विस्तवावर तापवत, ज्यामुळे त्यांतील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन पिवळट दगड लाल होई. त्यानंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके काढत, घासून आकार देत, दोन बारीक हिरकण्या बसवलेल्या गिरमिटाने धनुकलीच्या साह्याने भोक पाडत आणि चामड्याच्या पिशवीत घर्षणचूर्णासह कित्येक दिवस लोळवून चकाकी आणत. हडप्पाकालीन कारागीर दगडी गिरमिट वापरीत असत. जोनाथन मार्क केनॉयर यांच्या प्रयोगांनुसार त्या गिरमिटाने कार्नेलियनमध्ये ताशी केवळ अडीच मिलिमीटर एवढेच भोक पडत असे. लांबट मण्यांचे मोल एवढे का होते, याचा उलगडा या संथ कामातून होतो.

या मण्यांचा शास्त्रीय अभ्यासही संग्रहांतूनच उभा राहिला. इंग्लंडमधील होरेस बेक यांनी जगभरातून जमवलेल्या मण्यांच्या आधारे नक्षीदार कार्नेलियन मण्यांचे कालविभाग 1933 साली मांडले, तर मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतातील अशा मण्यांवरील ग्रंथ 1949 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि परिसरात सापडणाऱ्या वस्तू जमवल्या, आणि त्या संग्रहातूनच त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पांढरीची माती घरे लिंपण्यासाठी व शेतात घालण्यासाठी सर्रास खणून नेली जात असताना असा संग्राहक नसता, तर त्यांतील पुष्कळ वस्तू नष्टच झाल्या असत्या.

तरीही संग्रहातील मण्याची साक्ष अपुरी राहते, याचे कारण व्यवसायाच्या सातत्यातच आहे. गोल, पिंपाच्या किंवा षट्कोनी आकाराचे अकिकाचे मणी हजारो वर्षे जवळजवळ त्याच घडणीत बनत राहिल्यामुळे केवळ आकारावरून सातवाहनकालीन मणी आणि अलीकडचा खंबायती मणी यांत फरक करणे कठीण जाते. उत्खननात मण्यासोबतची खापरे, नाणी आणि थराचा क्रम त्याचा काळ ठरवतात. वेचलेल्या मण्याला हा आधार नसतो. सुदैवाने मण्याच्या भोकात एक पुरावा शिल्लक असतो: भोकाचा साचा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास दगडी गिरमिटाच्या आणि हिरकणीच्या खुणा वेगळ्या ओळखू येतात. त्यामुळे तंत्र कळते, पण गाव आणि थर कळत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष ठरवून त्यांच्या खाजगी निर्यातीस बंदी करणारा 1972 चा कायदा संग्रह देशात राखतो. मणी कुठे, कोणत्या टेकाडावर आणि कशाबरोबर मिळाला ही नोंद मात्र वेचणाऱ्यानेच त्याच दिवशी करावी लागते, आणि ज्या हौशी संग्राहकाने ती केली असेल त्याच्या माळेतील साधा, कवडीमोलाचा मणीही नोंद नसलेल्या सुबक मण्याहून इतिहासाला अधिक उपयोगी ठरतो.